आबांचे दहा नंबरचे बूट

खताच्या कंपनीने आबांना युरोपला न्यायचं ठरवलं, तेव्हा आबांनी पायात काही घालणं सोडून अकरा वर्षं झाली होती.

आबा म्हणजे माझे वडील, रावजी. माढा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव आहे आणि गावात आबांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. आमच्याकडे ऊस आणि केळी सोडून कुणी फारसं काही लावत नाही आणि दोघांनाही खत भरपूर लागतं, त्यामुळे दुकान चालतं. यात आबांचं काही कर्तृत्व आहे असं मला कधी वाटलं नाही, पण कंपनीला वाटलं. टार्गेट पूर्ण करणाऱ्या विक्रेत्यांना जोडीनं दहा दिवसांची सहल: रोम, व्हेनिस, स्वित्झर्लंड आणि पॅरिस. जोडीनं म्हणजे जोडीनंच. विक्रेता आला नाही तर त्याच्या बायकोचीही जागा रद्द.

आता चपलेचं सांगते. अकरा वर्षांपूर्वी विधानसभेला आमच्या भागातून अण्णा उभे होते. त्यांचं पूर्ण नाव सांगत नाही, कारण मी सोलापुरात बँकेत नोकरीला आहे आणि मला ती टिकवायची आहे. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. शेवटच्या सभेत आबांना दोन मिनिटं बोलायला दिली. आबांनी पहिलं मिनिट उपस्थितांची नावं घेण्यात घालवलं आणि दुसऱ्या मिनिटाला पायातल्या चपला काढून मंचाच्या कडेला ठेवल्या. अण्णा आमदार होऊन स्वतःच्या हातानं माझ्या पायात चपला घालत नाहीत, तोवर मी वहाण घालणार नाही, असं त्यांनी माईकवर सांगितलं. टाळ्या पडल्या, अण्णांनी मिठी मारली, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. चपला सभा संपायच्या आतच चोरीला गेल्या. आबांनी तोही शुभशकुन मानला.

अण्णा पडले. पाच वर्षांनी पुन्हा पडले. तिसऱ्या खेपेला त्यांना तिकीटच मिळालं नाही, तेव्हा ज्यांच्याकडून ते दोनदा हरले होते त्यांच्याच पक्षात जाऊन त्यांच्याच प्रचाराला फिरले. शपथेत पक्षाचं नाव नव्हतं, त्यामुळे ती लागू आहे, असं आबांचं म्हणणं पडलं. माझ्या लग्नात ते फेटा, कोट आणि उघडे पाय अशा वेशात स्टेजवर उभे होते. सासरच्यांना वाटलं, मोठे देवभक्त असावेत. आईनंही तसंच सांगितलं.

माणसं देवासाठी अनवाणी चालतात, लेकरांसाठी नवस बोलतात. माझा बाप एका पडेल उमेदवारासाठी मे महिन्यात डांबरावर चालत होता. मला याचा राग येतो आणि तो मी कधी लपवलेला नाही.

आई मात्र एका शब्दानं बोलली नव्हती. तिचं नाव दगडाबाई. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हिला कुणाची दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. अजून तरी लागलेली नाही. तिनं आयुष्यात कुठं जायचा हट्ट धरल्याचं मला आठवत नाही. पण सहलीचं कळलं तेव्हा तिनं मला फोन करून विचारलं, "त्यात ते पाण्यातलं गाव हाय का?"

"व्हेनिस. आहे की."

"मग मला जायचंय."

आईचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलं. ती नऊ-दहा वर्षांची असताना बैलगाडीत भांडी भरून सगळे उठले. "आमच्या घरात पानी आलं तर आमाला उटवलं," ती म्हणाली. "तितं पान्यातच घरं हायत आन् मानसं ऱ्हात्यात. कशी ऱ्हात्यात, एवढं मला बगायचंय." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

कंपनीच्या ग्रुपवर सूचना आल्या. रोज दहा-बारा किलोमीटर चालावं लागेल, रस्ते दगडी असतील, बूट आरामदायी आणि आधी वापरलेले असावेत, कपडे एकावर एक घालता येतील आणि गरम झालं तर काढता येतील असे असावेत. आबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि सहलीच्या मॅनेजरला फोन लावला.

"अनवानी आलं तर चालंल का?"

"सर, काही धार्मिक कारण आहे का?"

"न्हाय. राजकीय हाय."

मॅनेजर म्हणाला, "सर, विमानतळावर अडवतील. हॉटेलात अडवतील. आणि स्वित्झर्लंडला डोंगरावर बर्फ आहे."

"मी जानेवारीत पाटं उसाला पानी देतो."

"सर, बर्फ," मॅनेजर म्हणाला.

शेवटी आईनंच मार्ग काढला. बूट घेऊन ठेवायचे, घालायचं पुढचं पुढं बघायचं. व्हिसासाठी दोघं पुण्याला जाऊन आली. व्हिसाच्या फोटोत पाय येत नाहीत, त्यामुळे तो मिळाला.

खरेदीला ती दोघं माझ्याकडे सोलापूरला आली. मी सात रस्त्याजवळ राहते, म्हणून गावाकडची खरेदी आणि दवाखाना ही दोन्ही खाती माझ्याकडेच आहेत. युरोप मीही पाहिलेला नाही, पण माझ्याकडे जॅकेट आहे, त्यामुळे घरात मला जाणकार समजतात. सोलापुरात त्या दिवशी त्रेचाळीस डिग्री होतं. अशा दिवशी दुकानात जाऊन गरम जॅकेट मागितलं की दुकानदार आधी तुम्हाला पाणी देतो. माळ्यावरून त्यानं खोकी उतरवली, धूळ झटकली आणि आबांना एक निळं जॅकेट चढवलं. आबा आरशासमोर घामानं निथळत उभे राहिले.

"ऊब चांगली हाय," ते म्हणाले. "पन हे कशाला? दोन चादरी नेऊ की."

"आबा, चादर पांघरून पॅरिसमध्ये फिरणार?"

"सोलापुरी हाय. नावाजलेली हाय."

जॅकेट घेतलं. आईसाठी मी पॅन्ट आणि लांब कुर्ते काढायला लावले. आईनं ते कुर्ते हातात घेऊन शिवण तपासली आणि परत ठेवले. तिचं सगळं आधीच ठरलं होतं. आत अंगाला चिकटणारे गरम कपडे, त्यावर सुती साडी, घोट्याच्या वर नेसलेली, म्हणजे पुलाच्या पायऱ्या चढताना पायात येणार नाही. पदर खोचून वरून जॅकेट. पैसे आणि पासपोर्टसाठी परकराला आतून खिसा, तो ती घरीच शिवणार होती. "साडी वाळाय येळ लागत न्हाय," ती म्हणाली. "तुज्या त्या जीन्सला दोन दिस लागत्यात." मी जाणकार आहे हे त्या दिवसापासून घरात कुणी बोललं नाही.

बुटांना इसूफभाईंच्या दुकानात गेलो. मी त्यांच्याकडूनच घेते. आईनं जन्मभर रबरी स्लीपर घातली, पण बूट निवडायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. तीन जोड घालून पाहिले, प्रत्येक घालून दुकानाच्या पायऱ्या चार वेळा चढली-उतरली आणि करड्या रंगाचा एक ठेवला. इसूफभाई खूश झाले.

"आता काका, तुम्ही. पाय द्या हितं."

"पाय आत जानार न्हाय," आबा म्हणाले. "मापाचं काय ते बाहिरनं बगा."

मी इसूफभाईंना थोडक्यात सगळं सांगितलं. ते आबांच्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "काका, तुम्ही वहाण म्हणला होता ना? हे तर बूट हैत."

"असली पळवाट मला दावू नका," आबा म्हणाले. "लोकांना कळतंय की, मी काय बोल्लो ते."

इसूफभाईंनी मग बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून फरशीवर टाकला. आबा त्यावर उभे राहिले आणि इसूफभाईंनी गुडघ्यावर बसून पेन्सिलीनं पायाची कड आखून घेतली. अकरा वर्षांत पाय पसरला होता. बोटं एकमेकांशी भांडण झाल्यासारखी लांब लांब गेली होती.

"काका, हा पाय आता बुटाचा न्हाय ऱ्हायला," इसूफभाई म्हणाले. आत जाऊन त्यांनी सर्वांत रुंद, मऊ कापडाचा, नाडीचा एक जोड आणला. दहा नंबर. पुठ्ठा त्यावर धरून पाहिला. "हेच. पण ताई, नवे तसेच नेऊ नका. पंधरा दिवस घालून फिरू द्या त्यांना, मग मऊ पडतील. न्हायतर तिथं पहिल्याच दिवशी फोड येतील."

आबांनी ऐकलं आणि रस्त्याकडे बघायला लागले. आईनंही ऐकलं.

गावी गेल्यावर आईनं काय केलं, ते मला नंतर कळलं. आबा बूट घालणार नाहीत आणि बूट तर मुरायला हवेत, म्हणून तिनं पुढच्या बोटांशी चिंध्या कोंबल्या, दोन-दोन मोजे चढवले आणि रोज सकाळी ते दहा नंबरचे बूट घालून केळीच्या बांधावरून फिरायला सुरुवात केली. लोणचं मुरवणारी बाई आहे ती. एखादी गोष्ट मुरायची म्हटली की आपण हात लावल्याशिवाय ती मुरते यावर तिचा विश्वास नाही.

बांध ओला होता. ठसे उमटले. धरणाकडे मोटार चालू करायला जाणाऱ्यांना ते दिसले. एवढ्या मोठ्या बुटाचे ठसे, तेही रावजीच्या बांधावर, म्हणजे रावजीचेच. चौथ्या दिवशी कुणीतरी ठशाशेजारी मापासाठी काडेपेटी ठेवून फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "निष्ठावंत सापडले."

आबांचा मला फोन आला. "तुज्या आईनं माजं नाक कापलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

फोनच्या आधी त्यांनी आईला विचारलं, तेव्हाच तिनं सगळं सांगून टाकलं होतं. ती नुसती सांगून थांबली नाही. दुकानाच्या कट्ट्यावर बसलेल्यांना पटावं म्हणून ती साडीखाली ते बूट घालून ग्रामपंचायतीपर्यंत चालत गेली आणि आली. लोकांना पटलं, आणि लोक आणखी हसले. रावजीची शपथ आता बायको फेडते, असं ठरलं. त्या संध्याकाळी आबांनी जाहीर केलं, की अण्णांनी स्वतःच्या हातानं बूट घातले तर युरोप, नाहीतर सहल कॅन्सल. अण्णा आमदार झाले नाहीत हे खरं, पण शपथ त्यांच्या नावानं आहे, तेव्हा सोडवायचा अधिकारही त्यांचाच. जायला आठवडा राहिला होता. आईनं बुटांची माती पुसली आणि ते खोक्यात ठेवले.

मी रजा टाकली. अण्णांचा सोलापुरात बंगला आहे. फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे लिंबाच्या झाडाखाली गाडी लावून आम्ही तिघं आत गेलो. आबांच्या हातात हार आणि नारळ, आईच्या हातात बुटांचं खोकं. दारात चपलांचा ढीग होता. अण्णांकडे सगळेच चपला बाहेर काढून आत जातात, त्यामुळे हॉलमध्ये बसलेली पंधरा-वीस माणसं अनवाणीच होती. अकरा वर्षं जे केलं ते दाखवायला आबांना याहून वाईट जागा मिळाली नसती. त्यांनी पायपुसण्यावर पाय दोन-दोनदा पुसले आणि आत गेले.

अण्णा सोफ्यावर मोबाईल बघत बसले होते. "बोला. कुठलं गाव?"

आबांनी गाव सांगितलं, नाव सांगितलं. अण्णांनी मान हलवली, पण ओळख काही पटली नाही. आबांनी सभेची आठवण करून दिली, मंच, माईक, मिठी. अण्णांनी मोबाईल खाली ठेवला आणि पहिल्यांदा आबांच्या पायांकडे बघितलं.

"अजून?"

"व्हय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका आनंदी झाला होता, की मी दुसरीकडे बघितलं.

"अहो, मग घाला की. मी कधी नको म्हणलो?"

आबांनी आईला खूण केली. आईनं खोकं उघडून पुढं केलं. "आपल्या हातानं घालायचं ठरलं होतं अण्णा. म्हनून आलो. परदेशी चाललोय, त्यामुळं."

अण्णा हात पुढं करणारही होते कदाचित. मला तसं वाटलं. पण मागं उभा असलेला त्यांचा सेक्रेटरी वाकून कानात बोलला, आणि हॉल लहान असल्यानं ते आम्हालाही ऐकू आलं. त्या निवडणुकीत आपण आत्ताच्या साहेबांच्या विरोधात होतो, कुणी फोटो काढला तर साहेबांना बरं वाटणार नाही.

अण्णा सोफ्यावर मागं टेकले. "घरी जाऊन घाला आरामात," ते म्हणाले. "आणि हे शपथेचं वगैरे आता कुठं बोलू नका. जुनं झालं ते. युरोपला चाललाय? छान. कानाला बांधा, थंडी असते." हार त्यांनी गळ्यात घालून घेतला आणि नारळ सेक्रेटरीकडे दिला. पुढचा माणूस उठून उभा राहिला होता.

आम्ही बाहेर आलो. भर दुपार होती आणि रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. आबा नेहमीसारखे फाटकातून रस्त्यावर उतरले, चार पावलं गेले आणि थांबले. त्यांनी एक पाय उचलला. मग दुसरा उचलला. मग टाचांवर कसेबसे नाचत परत फाटकाच्या सावलीत आले.

"लई पोळतंय गं," ते म्हणाले.

अकरा उन्हाळ्यांत त्यांच्या तोंडून हे मी एकदाही ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं जपलेला माझा राग कुठं गेला मला कळेना. मला रडू आलं. आत अण्णांनी निदान खोटं खोटं तरी वाकायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

आईनं खोकं आबांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं. "घाला."

"आगं, पन अन्नांनी..."

"अन्ना आता जेवाय बसलं असतील." आईचा आवाज चढला नव्हता. "अकरा वर्सं तुमी त्या मानसासाठी अनवानी फिरला. मी काय बोलले का? लोकांना सांगत ऱ्हायले, देवाचं हाय म्हनून. आता धा दिस माज्यासाठी बूट घालून फिरा. का मी कुनीच न्हाय तुमची?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग फाटकाच्या कठड्यावर बसले आणि एक पाय पुढं केला. "बरं. घाल मग तू."

"मी न्हाय घालनार. तुमच्या हातानं घाला."

आबांनी बूट उचलला. पाय आत सरकवायलाच बराच वेळ लागला. बुटाची नाडी त्यांनी जन्मात कधी बांधली नव्हती, ती हातात धरून ते माझ्याकडे बघायला लागले. मी वाकले तर आईनं माझा दंड धरला आणि मला सरळ उभं केलं. शेवटी आबांनी खताच्या पोत्याचं तोंड आवळतात तशी गाठ मारली, दोन्ही पायांना, आणि कठड्याला धरून उभे राहिले. दोन पावलं टाकून बघितली.

"चावतोय," ते म्हणाले.

"चावू द्या," आई म्हणाली आणि रस्ता ओलांडायला लागली. आबा जरा लंगडत तिच्या मागून निघाले.